देवरावरची लेंगी

तो व्हिडिओ तुम्ही पायलाच असन. कोण नाही पायला, सांगा? कंपनीच्या पेजवर हाये, खाली फुलं-बिलं टाकून लिवलं हाये, ‘आमच्या भगिनींची होळी’. त्याच्यात निळा एप्रन घालून, गळ्यात आयकार्ड लटकवून जी बाई गाऊन राह्यली, ती मी. जमुना देवीलाल आडे. लोक म्हणते, काय आवाज हाये बाईचा! आग लागो त्या आवाजाले. आता कोणी मोबाईलवर तो व्हिडिओ लावला, का मी पदर तोंडावर घेऊन उठून जाते.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी शाळेचे युनिफॉर्म शिवते. मी कॉलरच्या मशीनवर बसते. त्याच्या आधी आम्ही नवरा-बायको दरवर्षी ऊस तोडायले जात होतो, तिकडं पश्चिम महाराष्ट्रात, अन् पोरगी सोनू आमच्यासंगं पाचटात फिरत होती. इकडं शाळेत नाव, अन् पोरगी तिकडं फडात. कंपनीत लागली तसा मी कोयता जावेच्या घरी नेऊन देला. देवीलालले म्हटलं, आता हा आपल्या घरात दिसला नाही पाहिजे. आता सोनू नववीत हाये. आमच्या घरात नववीचं पुस्तक पहिल्यांदा आलं, बाप्पा! म्हणून सांगते, ही नोकरी नुसती नोकरी नाही. ही गेली का कोयता आला, अन् कोयता आला का सोनूची शाळा गेली.

खेमसिंग माहा धाकटा देवर. मी लगीन होऊन तांड्यात आली तवा त्याचं नाक वाहत होतं. मीच त्याले न्हाऊ घातलं, मीच त्याच्या पाठीत रट्टे घालून शाळेत धाडलं. बीए झाला, कॉम्प्युटर शिकला, अन् माह्याच कंपनीत लागला. मी मशीनवर, तो ऑफिसात, एसीमंदी. पहिल्या दिवशी त्याले इन केलेल्या शर्टात पायलं अन् मी चक्क रडली. साऱ्या शेडात सांगत फिरली, तो चष्मेवाला दिसते का, तो माहा देवर होय.

मंग हळूहळू समजलं का त्याचं काम काय हाये.

कंपनीचा एक मोबाईल होता. त्याच्यात आमा साऱ्यायचे नंबर. कामगारायनं घरी गेल्यावर स्टेटसवर काय ठेवलं, फेसबुकवर काय लिवलं, इन्स्टावर काय नाचले, हे खेमा पाहे. रविवारी बी पाहे, सणाले बी पाहे. अन् सकाळी एचआरच्या समीक्षा मॅडमले सांगे. गेटवर कागदच लावला होता, सुट्टीच्या दिवशी बी कंपनीबद्दल वंगाळ टाकलं तं कामावरून कमी. आमी म्हटलं, हट, लावते असे कागद!

मंग फरहाचं झालं. काजं करायच्या मशीनवर होती, हसरी पोरगी. रविवारी आपल्या घरी, आपल्या खाटेवर बसून तिनं स्टेटस ठेवलं: ‘शेडातला पंखा महिनाभर बंद हाये, आता कंपनी आमचा घामच पॅक करून इकणार.’ संगं हसायचे तोंडं. सोमवारी गेटवाल्यानं तिले आत येऊच देलं नाही. तिचा डबा शेडात राह्यला होता, थो बी बाहेर आणून देला. 

मी खेमाले घरी धरलं. म्हटलं, “खेमा, हे तूच सांगितलं नं?”

तो म्हणे, “भोजाई, मी नाही सांगितलं तं माहीच नोकरी जाते.”

खरं होतं त्याचं. पण दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीत माह्या बाजूची जागा कोणी घेतली नाही. साऱ्या बाया उभ्या राह्यल्या, धक्के खाल्ले, पण माह्याजवळ बसल्या नाहीत. मी खिडकीतून बाहेर पाहत बसली. लाज त्याची होती, पण बसली माह्या मानगुटीवर.

तं अशात होळी आली.

आता तुम्हाले लेंगी माहीत नसन तं सांगते. आमा गोरमाट्यायची, म्हणजे बंजाऱ्यायची, होळी तुमच्यासारखी नसते. बाया हातात काठ्या घेऊन पुरुषायले झोडते, अन् पुरुष हासत मार खाते. डफावर नाचत जे गाणे म्हणते, त्या लेंग्या. त्याच्यात एकमेकाले नाव घेऊन असं काही म्हणते का बाहेरचा माणूस कानावर हात ठेवन. अन् भोजाई-देवराची, म्हणजे वहिनी-दिराची, तं जोडीच असते. ज्याच्यावर भोजाई लेंगी रचत नाही तो देवर बिचारा तोंड पाडून बसते, म्हणते माह्यावर कोणाचा जीवच नाही. राग कोणीच धरत नाही. पण आमच्या तांड्यात एक हाये. होळीत म्हटलेलं होळी संपल्यावर कोणी पुन्हा तोंडातून काढत नाही, अन् तांड्याबाहेर तं नाहीच नाही.

मी खेमावर लेंगी रचली. पोटात राग होताच, माया बी होती. तुमच्यासाठी मराठीत सांगते:

देवर माहा शिकला गं, टेबलाचा धनी झाला,
साऱ्यायचे मोबाईल हुंगत हुंगत फिरला,
सायबानं मारली शिट्टी, शेपूट हालवत गेला,
भोजाईनं मारली हाक, तं कानानं बहिरा झाला!

अरे, तांडा असा हासला! सासूले ठसका लागला. तांड्याचा नायक डफ टाकून खाली बसला. अन् सगळ्यात जास्त कोण हासला असन तं खेमा. माहाच मोबाईल घेऊन व्हिडिओ बी तोच काढून राह्यला होता, अन् हासता हासता त्याचा हात हालत होता. मंग मी त्याले चार काठ्या हाणल्या, त्यानं माह्या तोंडाले रंग फासला. फरहाचं झाल्यापासून आमच्यात जे अडलं होतं, ते त्या दिवशी मोकळं झालं. खरंच सांगते, लय दिवसानं मी त्याच्याकडं नीट पायलं.

रात्री नाही, तिथंच, उभ्या उभ्या मी तो व्हिडिओ स्टेटसले टाकला. बाकीच्या बायायनं कंपनीच्या नंबरले आपले स्टेटस दिसू नये असं केव्हाच करून ठेवलं होतं. मी नव्हतं केलं. म्हटलं, कायले? पाहणारा आपलाच तं हाये. पण या होळीले खेमानं सुट्टी घेतली होती, म्हणून कंपनीचा मोबाईल समीक्षा मॅडमच्या घरी होता, हे माह्या ध्यानातच आलं नाही.

होळी आटोपून कामावर गेली तं सुपरवायझर म्हणे, “जमुनाबाई, ऑफिसात बोलावलं.”

आत गेली. टेबलाच्या त्या बाजूला पुण्याहून आलेले मोठे सर, बाजूला समीक्षा मॅडम, अजून दोघं जण. खेमा भिंतीजवळ हात मागं बांधून उभा. अन् समोर मोठ्या टीव्हीवर मी! केस सुटलेले, तोंड हिरवं-जांभळं, घागरा गरगर फिरून राह्यला, दात सारे बाहेर. तांड्यात तेच रूप मले गोड वाटलं होतं. इथं, त्या थंड खोलीत, सर चहा पीत पीत मले पाहत होते, अन् मले वाटलं कोणीतरी माह्या अंगावरची साडी ओढली. मी खाली फरशीकडं पायलं.

“आडे ताई, हे तुमचंच स्टेटस ना?” मॅडम म्हणाली.

“हो मॅडम.”

“यात ‘सायब’ आणि ‘मोबाईल’ हे शब्द ऐकू येतात. बाकी आम्हाला काही कळत नाही. साहेबांबद्दल काय म्हणताय तुम्ही?”

मॅडम खेमाकडं वळली. “खेमसिंग, सकाळी मोबाईल तुझ्याकडे दिला, तू रिपोर्ट दिलास, काही नाही म्हणून. हे दिसलं नाही तुला?”

“दिसलं मॅडम. सणाचं गाणं वाटलं.”

मोठे सर म्हणाले, “अरे, तू त्यांच्यातलाच ना? ऐक आणि सांग काय म्हणतात ते.”

व्हिडिओ पुन्हा लावला. माहा आवाज साऱ्या खोलीत घुमला. अन् त्याच्यामागं, मोबाईलच्या अगदी जवळून, एक हासणं. खो खो करून, पोट धरून. ते खेमाचं हासणं. त्या खोलीत ते फक्त मले अन् त्याले माहीत होतं.

व्हिडिओ संपला. खेमा म्हणाला, “सर, मला ही भाषा समजत नाही. आमच्या घरी मराठीच बोलतात.”

माह्या डोक्यात अशी सणक गेली का काय सांगू! ज्या बोलीत मी याले अंगाई म्हटली, ज्या बोलीत याची याडी, म्हणजे माही सासू, याले रोज शिव्या घालून जेवू घालते, ती याले समजत नाही? अन् टीव्हीतून त्याचंच हासणं ऐकू आलं, आताच! मी त्याच्याकडं पायलं. तो माह्याकडं पाहत नव्हता. तिकडं मॅडम अन् सर इंग्रजीत बोलू लागले, हळू आवाजात, मान हालवत. मले वाटलं, झालं, मले काढायचंच ठरून राह्यलं. फरहासारखा माहा डबा गेटवर येईन. डोळ्यासमोर तो कोयता आला.

“सायब, हा खोटं बोलते!” माह्या तोंडून निघूनच गेलं. “हा माहा सख्खा देवर होय. ह्या लेंगीतला शब्द न् शब्द याले समजते. व्हिडिओ बी यानंच काढला, ऐका त्याच्यात हासणं, थे याचंच हाये. अन् ही लेंगी कंपनीवर नाही, तुमच्यावर बी नाही. याच्यावर हाये!”

खेमानं तवा माह्याकडं पायलं. नुसती मान हालवली, नाही नाही अशी. मी थांबली असती तं? पण मी कुठं थांबते! मी एकेक ओळ मराठीत सांगत गेली. मोबाईल हुंगत फिरते. शिट्टी मारली का शेपूट हालवते. भोजाईची हाक ऐकू येत नाही.

अन् मंग मोठे सर हासले. असे हासले का चहा बशीत सांडला. “हुंगत फिरला! वा वा, काय पकडलंय बाईंनी!” मंग मॅडम हासली, मंग ते दोघं हासले. मले वाटलं, वाचली मी. अन् खरं सांगते, मी बी हासली. सरायसंगं हासली, दात काढून.

सरायनं डोळे पुसले, ओठ गोल केले अन् खेमाकडं पाहून शिट्टी मारली. कुत्र्याले मारते तशी.

खेमा उभाच. सरायनं पुन्हा शिट्टी मारली, हासत, भुवई वर करून. सारे त्याच्याकडं पाहत होते. खेमानं ओठ ताणून हासल्यासारखं केलं, अन् एक पाऊल पुढं आला.

आला तो पुढं! मले वाटलं धरणी फाटावी. तांड्यात हीच ओळ ऐकून तो लोळला होता, अन् इथं त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी ती ओळ इथं कायले आणली? कोणाच्या हातात देली?

“ताई, एकदा आमच्यासमोर म्हणा ना,” मॅडम म्हणाली. तिनं मोबाईल वर धरला. “सगळ्यांना दाखवू, आपल्याकडे किती टॅलेंट आहे.”

होळी झाली होती. राख थंड झाली होती. आमच्यात हे चालत नाही, एवढंच मले म्हणायचं होतं. पण मॅडमच्या हातात माही नोकरी होती, अन् ती आताच परत भेटली होती. मी म्हटली. डफ नाही, काठी नाही, आयकार्ड सारखं करून, पाय जोडून उभी राहून म्हटली. सर टाळीनं ताल धरत होते. सरायनं खेमाकडं पायलं, तं त्यानं बी टाळी धरली.

“जा ताई, कामाला लागा. छान गाता,” सर म्हणाले. “खेमसिंग, तू थांब.”

जेवायच्या सुट्टीच्या आत व्हिडिओ साऱ्या शेडात पोचला. दुपारून खेमा बॅग खांद्याले लावून शेडाच्या बाजूनं गेटकडं चालला होता. लपवलं अन् खोटं बोलला म्हणून त्याले काढलं होतं. कोणीतरी शिट्टी मारली. मंग दुसऱ्या कोणी. मंग अर्धी शेड शिट्ट्या मारायले लागली, मशीनीच्या आवाजावर. फरहाच्या मैत्रिणी तं टेबलं वाजवत होत्या. मी कॉलर सुईखाली धरून तशीच बसली. एक शब्द माह्या तोंडून निघाला नाही. ऑफिसात तं लय निघत होते.

सांजच्याला तो घरी आला. मले वाटलं भांडन. मी भांडायले तयारच होती, मनात जुळवून ठेवलं होतं का याडीची बोली नाकारली तू, तुले लाज नाही वाटली? पण तो चुलीजवळ पाटावर बसला अन् हळूच म्हणाला, “भोजाई, तू काहून बोलली?”

“मंग काय करू? ते मले काढून राह्यले होते!”

“नाही. मॅडम इंग्रजीत सरायले म्हणून राह्यली होती का भाषाच समजत नाही तं कारवाई कायची करायची, समज देऊन सोडून देऊ. सर हो म्हणाले होते.” त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. “त्याच्यासाठीच मी म्हटलं होतं का मले समजत नाही. कोणालेच समजलं नसतं तं तिथंच मिटलं असतं. मी तुले मान हालवून सांगत होतो.”

माह्या हातातली भाकर तव्यावर जळाली. मले वास बी आला नाही. सासू ओसरीतून ओरडली, “काय जळून राह्यलं वं?” मी तवा खाली उतरवला.

“तुले राग नाही आला?” मी कसंबसं म्हटलं.

“लेंगीचा? लेंगीचा कोणी राग धरते का?” तो म्हणाला. “पण तू त्यायच्यासमोर दुसऱ्यांदा म्हटली नं भोजाई, ते...” उठला अन् गेला. दोन दिवसानं पांढरकवड्याच्या रस्त्यावर एका ढाब्यात गल्ल्यावर बसायले लागला. बीए झालेला माहा देवर.

तो तिकडं गेला त्याच दिवशी समीक्षा मॅडमनं मले पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची देली. एवढे दिवस त्या खोलीत मले खुर्ची कोणी देली नव्हती. टेबलावर तो कंपनीचा मोबाईल होता.

“ताई, तुमच्या तांड्यातल्या बऱ्याच मुली आपल्याकडे आहेत,” मॅडम म्हणाली. “त्यांच्या स्टेटसवर काय असतं, आम्हाला कळत नाही. तुम्हाला भाषा येते, आणि तुम्ही खरं बोलता, हे आम्ही पाहिलंय. रोज घरी गेल्यावर थोडं पाहायचं आणि सकाळी मला सांगायचं. मशीनचं काम आहेच, हे वरचं.”

मी म्हटलं, “मॅडम, मले मोबाईलमधलं एवढं समजत नाही.”

“शिकवते ना मी. आणि बघा, सक्ती नाही. पण त्या व्हिडिओची फाईल अजून बंद झालेली नाही, सर विचारत होते.”

असं गोड बोलली! मी मोबाईलकडं पायलं. खेमाले बी याच खोलीत असंच गोड सांगितलं असन, अन् मी त्याले घरी धरून विचारलं होतं, तूच सांगितलं नं? नाही म्हणायले तोंड उघडलं. सोनूचं दप्तर आठवलं. ती त्या दिवशी दहावीची पुस्तकं कुठं भेटते म्हणून विचारत होती.

“हो मॅडम,” मी म्हटलं.

मॅडमनं तांड्यातल्या पोरीयचे नाव विचारले. मी सांगितले. एक बी विसरली नाही.

कसं पसरलं माहीत नाही, पण असं काही लपत नसते. दुपारी डबा घेऊन मी आमच्या तांड्यातल्या पोरी बसते तिथं गेली. त्यायच्यात काहीतरी जोरात चाललं होतं, एकमेकीले कोपरानं ढोसून खिदळत होत्या. मले पाहून मोबाईल उलटे झाले. एकीनं सरकून मले जागा करून देली, लय अदबीनं. दुधाचे दात पडले नव्हते तवापासून ती मले काकी म्हणते, आमच्या बोलीत.

“या ताई, बसा ना,” ती म्हणाली, मराठीत. मंग त्या साऱ्याजणी मराठीतच बोलू लागल्या, ऊन किती हाये अन् भाजीत मीठ किती हाये. मी डबा उघडला अन् खाली मान घालून जेवू लागली.